ऐच्छिक खर्चाच्या पानावर

नगरपरिषदेच्या लेखा विभागातल्या माणसाने माझ्यापुढे अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडलं, त्यात अपमान करण्याचा हेतू अजिबात नव्हता. त्याने आधी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग बोट ठेवून ओळ दाखवली : ‘वाचनालयांना अनुदान’. पुढच्या रकान्यात गेल्या वर्षीची तरतूद, त्याच्या पुढच्या रकान्यात प्रत्यक्ष खर्च, आणि तिथे एक आडवी रेघ. “मॅडम, आधी पाणीपुरवठ्याचं वीजबिल, मग पगार-पेन्शन, मग कचऱ्याचा ठेका. तुमचं ऐच्छिकात येतं. शिल्लक राहिलं तर मार्चअखेर बघू.” तो बोलला ते नियमाला धरूनच होतं. नगरपरिषदेची काही कामं कायद्याने बंधनकारक आहेत, काही जमेल तशी करायची आहेत, आणि ग्रंथालय त्या दुसऱ्या यादीत बसतं. मी आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीतर्फे अर्ज दिला, लेखापरीक्षणाचा अहवाल जोडला, आवक-जावकच्या टेबलावरून शिक्का मारलेली पोच घेतली आणि जिना उतरले. पण ‘शिल्लक राहिलं तर’ हे तीन शब्द काही पाठ सोडेनात. रात्री भांडी आवरताना तेच, सकाळी दूध तापवताना तेच. गावातली सगळ्यात जुनी संस्था वर्षअखेरीच्या उरल्यासुरल्या पैशांची वाट बघत बसते, हे मला कित्येक वर्षं माहीत होतं. त्या दिवशी ते मनाला लागलं.

आमच्या वाचनालयाची मांडणी राज्यातल्या शेकडो तालुक्यांत दिसेल तशीच आहे. जागा नगरपरिषदेची, संस्था गावकऱ्यांनी चालवलेली, नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, परिरक्षण अनुदान, म्हणजे रोजचा कारभार चालवायचा पैसा, शासनाचा, आणि विजेचं बिल सभासदांच्या वर्गणीतून. सकाळी आमच्या ग्रंथपाल ताई कुलूप काढतात, खिडक्या उघडतात, आणि रात्रभर कोंडलेला एक वास बाहेर येतो. जुन्या कागदाचा, डांबरगोळ्यांचा, ओलसर चुन्याचा. मला तो लहानपणापासून आवडतो. मग ताई कालची वर्तमानपत्रं लाकडी दांडीतून सोडवून आजची अडकवतात. तोवर दाराशी दोघं-तिघं उभेच असतात. एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, ते अग्रलेखापासून सुरुवात करतात आणि राशिभविष्य कटाक्षाने टाळतात. एक आजोबा फक्त निधनवार्ता वाचतात, हळूहळू, बोट फिरवत, आणि एखादं ओळखीचं नाव आलं की डोळे मिटून घेतात. बाजाराच्या दिवशी शेजारच्या वाडीवरून एक बाई भाजी विकून येतात, पाटी दाराबाहेर ठेवतात आणि दोन पुस्तकं बदलून नेतात. त्यांना जाडजूड कादंबऱ्याच लागतात. “पातळ पुस्तक बुधवारच्या आत संपतं हो,” असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

दुपारनंतर वाचनालय बदलतं. एमपीएससीची, पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली येतात. पाण्याच्या बाटल्या, जाड गाईडं, कानात बोळे, वहीवर रंगीत रेघा. आमच्या कपाटांकडे ती सहसा बघतसुद्धा नाहीत. त्यांना हवं असतं टेबल, डोक्यावर ट्यूबलाइट, पंखा आणि कुणी हाक न मारेल असे पाच-सहा तास. त्यांतल्या एका मुलीचं घर दोन खोल्यांचं आहे, माणसं सात. ती मला म्हणाली, “काकू, घरी मी अभ्यासाला बसले की सगळ्यांना वाटतं मी रिकामी आहे.” हे वाक्य मी नगरपरिषदेच्या अर्जात लिहू शकले असते तर किती बरं झालं असतं. पण अर्जात रकाने असतात. एकूण ग्रंथ किती, सभासद किती, देवघेव किती, नियतकालिकं किती. तपासणीला निरीक्षक येतात तेव्हा आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही बघतात, खरेदीची बिलं बघतात, रोजच्या वाचकांच्या सह्या बघतात. ते बघायलाच हवं, जनतेचा पैसा आहे. पण सात माणसांच्या घरातून सुटून ती मुलगी इथे रोज बसते, ते कुठल्याच बेरजेत येत नाही. तिने आमचं एकही पुस्तक घरी नेलेलं नाही, म्हणजे देवघेवीत ती शून्य.

आणि ताईंचा पगार. यावर मला जरा थांबूनच बोलायचं आहे.

राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि त्याप्रमाणे अनुदान ठरतं. २०२२-२३ पासून ते साठ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा सगळ्यात लहान, म्हणजे ड वर्गाच्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान तीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजारांवर गेलं. त्यातली निम्मी रक्कम वेतनावर, निम्मी पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि इतर खर्चावर. म्हणजे खेड्यातल्या ग्रंथालयात कपाट उघडणाऱ्या, झाडणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या एकट्या माणसाच्या वाट्याला वर्षाचे चोवीस हजार, महिन्याचे दोन हजार. तेव्हाच्या त्या वाढीनंतर. आमचा वर्ग वरचा आहे, रक्कम थोडी बरी आहे, पण तीही दर महिन्याला हातात पडत नाही. अनुदान हप्त्याने येतं आणि हप्ता येईल तेव्हा येतो. हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला की ताई आधी किराणा दुकानात जातात. एकदा मी सोबत होते. दुकानदाराने लाल कापडी बांधणीची वही काढली, त्यांच्या नावाचं पान उघडलं. पानभर साखर, चहापूड, तूरडाळ, साबण आणि पुन्हा साखर, पुन्हा चहापूड. ताईंनी पैसे मोजून दिले, दुकानदाराने पानावर तिरकी रेघ मारली, आणि त्याच पानाच्या पाठीवर नवी तारीख टाकून ताईंनी अर्धा किलो शेंगदाणे मागितले. ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम केलेली ही बाई. खळ शिजवून, फडक्याच्या पट्ट्या कापून फाटक्या पुस्तकांना नव्याने पाठ लावणारी. कुठलं पुस्तक कोणत्या कपाटात, हे तिला अंधारातही सांगता येतं.

नगरपरिषदेचं अनुदान मोठं कधीच नव्हतं. पण ताईंच्या त्या मधल्या रिकाम्या महिन्यांत तेच कामी यायचं. शासनाचा हप्ता लांबला तर त्यातून उचल देता यायची. म्हणून ती आडवी रेघ मला एवढी टोचली.

आमच्याकडे जुनी इतिवृत्तं आहेत, कडा खाल्लेली, शाई तपकिरी झालेली. ती वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. नगरपालिकेत जी माणसं होती तीच वाचनालयाच्या समितीवर होती. वकील, शाळेचे हेडमास्तर, एक-दोन व्यापारी. रस्त्यावरच्या कंदिलांचा ठराव आणि वाचनालयाच्या कंदिलांच्या तेलाचा ठराव ही दोन्ही कामं त्यांना सारख्याच निकडीची वाटलेली दिसतात. आपल्याकडे हे बरंच जुनं आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. कित्येक गावांत नळ यायच्या कितीतरी आधी वाचनालय आलं. त्या लोकांना पाण्याची किंमत कळत नव्हती असं थोडंच आहे? विहिरीवरून पाणी भरणाऱ्या गावाने वर्तमानपत्रासाठी वर्गणी काढली.

या बाबतीत मला सयाजीराव गायकवाड महाराजांची योजना फार मोलाची वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला आणि १९१० मध्ये त्याने विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभी करायला घेतली. पैशाची पद्धत साधी होती. गावाने जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच पंचायतीने घालायची आणि तेवढीच संस्थानच्या तिजोरीतून मिळायची. तीन वाटे, तिन्ही सारखे. यात मला आवडतं ते हे, की गावाला हात पसरावा लागत नाही आणि गाव हात झटकूनही मोकळं होऊ शकत नाही. पंचायतीचा वाटा ठरलेला, तो मार्चअखेरीस उरलं-सुरलं बघून द्यायचा नाही. गावाने पैसे जमवले की पंचायतीने आपला वाटा काढायचा. शंभर वर्षांपूर्वी हे जमलं, आणि आज मी पोच घेऊन जिना उतरते.

कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला. स्वातंत्र्यानंतर मद्रासने १९४८ मध्ये केला आणि त्यात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा छोटा जादा कर, घेण्याची सोय ठेवली. कर्नाटकातही घरपट्टीवर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. त्याऐवजी ग्रंथालय निधी आहे आणि शासनाने त्यात दरवर्षी किमान पंचवीस लाख रुपये घालावेत असं म्हटलं आहे. त्या काळी ती रक्कम मोठीच असणार. उपकर नको म्हणणाऱ्यांचंही मला कळतं. लोकांवर आणखी एक कर कशाला, आणि गोळा केलेला उपकर ग्रंथालयापर्यंत पोचेल कशावरून? बंगळूरुत महापालिकेने गोळा केलेल्या ग्रंथालय उपकराच्या थकबाकीचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. तरीही मी घरी आले तेव्हा आमच्या घरपट्टीचं बिल शोधून काढलं. त्यावर शिक्षण कर आहे, वृक्ष कर आहे, अग्निशमन कर आहे. झाडांसाठी मी दरवर्षी थोडेसे रुपये देते आणि ते मला कधी जड गेलेले नाहीत. त्या यादीत अजून एक ओळ असती तर गावातलं कोण रडलं असतं?

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षी आमच्याकडे एक देणगीदार आले. गावचेच, बाहेर जाऊन बांधकाम व्यवसायात मोठे झालेले, मनाने उदार. त्यांनी छत दुरुस्त करून द्यायची, नवी टेबलं द्यायची तयारी दाखवली. दालनाला त्यांच्या वडिलांचं नाव आणि दर्शनी भिंतीवर तसबीर, एवढंच मागणं. कार्यकारिणीच्या सभेत बहुतेकजण खूश होते. मीही होते, कारण पावसाळ्यात ज्ञानकोशाच्या खंडांवर प्लास्टिक पांघरताना मी ताईंना मदत केलेली आहे. आम्ही देणगी घेतली, छत दुरुस्त झालं, टेबलं आली. त्या माणसाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे आणि ती राहील. पण उद्घाटनाच्या दिवशी हारतुरे चालू असताना मी मागच्या बाकावर बसलेल्या त्या अभ्यासिकेतल्या मुलांकडे बघत होते. त्यांना सतरंजी उचलायला, खुर्च्या मांडायला सांगितलं होतं आणि ती अंग चोरून काम करत होती, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी. रोज हक्काने बसतात ती जागा त्या दिवशी कुणाच्या तरी मालकीची झाली होती.

याच्या उलट एक प्रसंग. हप्ता थकला होता म्हणून पेपरवाल्याचं बिल थकलं, आणि त्याने दोन वर्तमानपत्रं बंद केली. भरतीची जाहिरात बघायला आलेला एक मुलगा ताईंवर चिडला. नंतर माझ्यावर चिडला. “आमची घरपट्टी घेता ना? मग पेपर का नाही? कुणाला विचारायचं?” आवाज चांगलाच चढला होता, कंडक्टरकाका दांडी खाली ठेवून बघायला लागले. ताईंना वाईट वाटलं. मला मात्र, खरं सांगते, बरं वाटलं. घरपट्टी आमच्याकडे येत नाही, ती नगरपरिषदेकडे जाते, हे मी त्याला समजावलं; पण त्याचा मुद्दा बरोबरच होता. देणगीदाराच्या छताखाली हा मुलगा आवाज चढवून बोलला नसता. छत गळलं असतं तरी बादली लावून गप्प बसला असता. गावाच्या पैशातला एक छोटा वाटा इथे येतो म्हणून त्याला विचारायचा अधिकार आहे, आणि मला उत्तर द्यायचं बंधन आहे. मी त्याला वार्षिक सर्वसाधारण सभेची तारीख सांगितली. तो आला. मागे उभा राहून सगळा जमाखर्च ऐकला, आणि विजेच्या बिलाबद्दल एक नेमका प्रश्न विचारला. रात्री नऊला दिवे बंद केल्यावरही मीटर का फिरतं, म्हणून. तपासलं तेव्हा मागच्या खोलीतली जुनी मोटर निघाली.

म्हणून कमी असला तरी नगरपरिषदेचा पैसा मला हवा आहे. शासनाचं अनुदान दूरवरच्या कार्यालयातून येतं, तिथवर या मुलाचा आवाज पोचत नाही. नगरपरिषद चौकापलीकडे आहे.

तरी अर्ज करताना माझं मन सरळ नसतं. आमच्या गावात उन्हाळ्यात पाणी चार-चार दिवसांनी येतं. वेशीपलीकडच्या वस्तीत गटार उघडं आहे, पावसात ते घरात शिरतं. तिथली एक बाई सभेत उठून मला म्हणाली असती, “ताई, तुमच्या पुस्तकांआधी आमचं गटार झाका,” तर मी काय उत्तर दिलं असतं? मी यावर खूप विचार केला आहे. तिचं गटार आधी, यात मला शंका नाही. पण अर्थसंकल्पाचं तेच पुस्तक मी पुढेमागे चाळलं आहे. स्वागत कमानी, चौकातलं सुशोभीकरण, दिव्यांच्या माळा, दोन वर्षांत पुन्हा बसवलेले पेव्हर ब्लॉक. तिच्या गटाराचा पैसा वाचनालयाने अडवलेला नाही. आणि त्याच वस्तीतली दोन मुलं आमच्या अभ्यासिकेत बसतात, कारण पावसात त्यांच्या घरात बसता येत नाही.

आमच्यासारख्या संस्थांवरचा अविश्वासही मला समजतो. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेने राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी केली, तेव्हा काही ठिकाणी फक्त पाटी आणि कुलूप सापडलं. त्यानंतर बरीच वर्षं नवी मान्यता आणि दर्जावाढ थांबली. नेटाने काम करणारी ग्रंथालयं पाटी-कुलूपवाल्यांच्या पापाने अडकली. कागदावरची ग्रंथालयं बंद व्हावीत, मी त्यासाठी कुणाशीही भांडेन. पण ती ओळखायची कशी, याचं उत्तर चौकापलीकडे आहे. मुख्याधिकाऱ्यांनी संध्याकाळी सहा वाजता फाईल न घेता, कुणाला न कळवता यावं आणि किती खुर्च्या भरलेल्या आहेत ते बघावं. नगरसेवकांनीही यावं. मधली काही वर्षं कित्येक गावांत निवडणुका रखडल्या, प्रशासक होते, आणि विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. पूर्वी बाजारात भाजी घेताना नगरसेवकाला गाठून अनुदानाचं काय झालं असं विचारता यायचं. ते फार महत्त्वाचं असतं, हे तेव्हा कळलं.

या वर्षी आम्ही अर्ज वेगळा केला आहे. मागची कितीतरी वर्षं आम्ही एक आकडा लिहायचो आणि पुढे ‘मिळावे ही नम्र विनंती’. आता कार्यकारिणीने ठराव केला आहे आणि त्यात आकडा नाही. गावाच्या घरपट्टी वसुलीचा एक ठरावीक टक्का, कितीही लहान असो, गावातल्या शासनमान्य ग्रंथालयांसाठी बाजूला काढावा आणि तो मार्चची वाट न बघता सहामाहीला द्यावा. जेवढं अनुदान नगरपरिषद देईल तेवढी रक्कम आम्ही वर्गणी आणि देणग्यांतून उभी करू, आणि दोन्हीचा हिशेब वाचनालयाच्या फळ्यावर दर महिन्याला लावू. कल्पना बडोद्याची आहे, आम्ही फक्त ती आमच्या गावाच्या मापाची केली. सोबत देवघेवीच्या आकड्यांशिवाय आणखी एक पान जोडलं आहे : दुपारी तीन ते रात्री नऊ, तासातासाला किती माणसं बसलेली होती, याची महिनाभराची नोंद. ती ताईंनी आणि त्या सात माणसांच्या घरातल्या मुलीने मिळून ठेवली.

फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची सभा आहे. कंडक्टरकाका, तो पेपरवरून चिडलेला मुलगा, बुधवारच्या बाई आणि आम्ही कार्यकारिणीतले काहीजण त्याआधी आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना भेटायला जाणार आहोत. तुमच्या गावातही अर्थसंकल्पाचं पुस्तक असतं, मागितलं तर बघायला मिळतं. ‘वाचनालयांना अनुदान’ ही ओळ शोधा आणि तिच्यापुढच्या दोन रकान्यांत काय आहे ते मला कळवा. आमच्या पत्राला जोडायला दहा गावांची तरी उदाहरणं हवी आहेत.